मुलींची शाळा मध्येच का सुटते? १८४८ पासूनची पार्श्वभूमी

जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. दार उघडलं, पण आठव्या-नवव्या वर्षी लग्न आणि लग्न झालं की शाळा बंद, हे चालूच राहिलं. मुलींचं शिक्षण दीर्घकाळ प्राथमिकपुरतंच राहिलं, त्याचं मोठं कारण हे. शारदा कायद्याने मुलींच्या लग्नाचं किमान वय १४ केलं, तेही १९२९ मध्ये.

१८८४ मध्ये न्या. रानडे, वामनराव मोडक, भांडारकर प्रभृतींनी पुण्यात हुजूरपागा ही मुलींची शाळा सुरू केली ती मुलींना हायस्कूलपर्यंत नेण्यासाठी. लोकमान्य टिळकांनी तिला कडाडून विरोध केला. त्यांचा एक आक्षेप वेळापत्रकावर होता: मुली अकरा ते पाच घराबाहेर नकोत, शाळा सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास पुरे, म्हणजे घरकाम सांभाळता येईल. आजही धाकट्या भावंडाला सांभाळायला मोठ्या मुलीची शाळा बुडवतात, तेव्हा हाच हिशोब चालतो.

धोंडो केशव कर्वे यांच्यासमोर जपानचं महिला विद्यापीठ होतं. देश उभा करायचा तर बायकांना आपल्याच भाषेत उच्च शिक्षण हवं, या विचारातून त्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केलं. विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाखांची देणगी दिली. पण वैधानिक विद्यापीठाचा दर्जा मिळायला १९५१ उजाडलं. मधली पस्तीस वर्षं इथल्या पदवीधर मुलींना सरकारमान्य पदवीचा आधार नव्हता.

आजचा मोठा अडसर अंतराचा. मोफत शिक्षणाची हमी देणारा शिक्षणहक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, म्हणजे साधारण आठवीपर्यंत पुरतो. गावात आठवीपुढे वर्ग नसतील तर नववीला एसटी गाठावी लागते आणि गळती इथेच वाढते. म्हणून ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत एसटी पास फार मोलाचा. मात्र गाडी शाळेच्या वेळेला नसेल तर पास असून उपयोग नाही.

महाराष्ट्र सरकारच्या जुलै २०२४ च्या निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश सरकारच्या केंद्रीभूत प्रक्रियेतूनच हवा; व्यवस्थापन कोट्यातल्या, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेला माफी नाही. वसतिगृह आणि खानावळीचा खर्चही या माफीत येत नाही. खेड्यातून शहरात शिकायला येणाऱ्या मुलीच्या घरी बोलणं अडतं ते याच खर्चावर.