रुग्णवाहिका संचालन आणि पथकाची सुरक्षा

कॉल आल्यापासून रुग्ण दवाखान्यात सोपवून गाडी पुन्हा सज्ज होईपर्यंत पथकाला जे जे करावे लागते, ते सगळे रुग्णवाहिका संचालनात येते. गाडीची तपासणी, रस्त्यावरचे चालवणे, घटनास्थळी गाडी लावणे, रुग्ण उचलणे, वाटेतली देखभाल आणि शेवटी निर्जंतुकीकरण. आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ म्हणजे ईएमटीच्या प्रशिक्षणात हा भाग औषधोपचारानंतर घाईघाईत उरकला जातो, हे चूक आहे. पथकातल्या माणसाला इजा होते ती बहुधा याच कामात : चौकात, जिन्यावर, महामार्गाच्या कडेला किंवा सुई टोचून. आणि पथकच जखमी झाले, तर मूळ रुग्ण तसाच राहतो, शिवाय आणखी एक गाडी मागवावी लागते.

पुण्यातील व्यवस्था

१०८ क्रमांकाची महाराष्ट्र आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या ९३७ गाड्यांपैकी २३३ अ‍ॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या आणि ७०४ बेसिक लाइफ सपोर्टच्या होत्या; पहिल्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधने असतात, दुसऱ्यांत जीव वाचवण्याची प्राथमिक साधने. राज्यभरातले कॉल घेणारे नियंत्रण केंद्र पुण्यातच, औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात उभे राहिले. या सेवेत चालकाला ‘पायलट’ म्हणतात आणि मागे डॉक्टर असतो. गरोदर माता व नवजात बाळांसाठी १०२ आहे. याशिवाय रुग्णालयांच्या, ट्रस्टच्या, गणेश मंडळांच्या आणि खासगी मालकांच्या गाड्या शहरात धावतात.

गाडी पांढरी आहे आणि वर दिवा आहे, एवढ्यावरून तिच्यात काय मिळेल ते कळत नाही. एआयएस-१२५ या रुग्णवाहिकांच्या भारतीय मानकात चार प्रकार आहेत : ‘अ’ म्हणजे प्रथम प्रतिसादाचे वाहन, ‘ब’ म्हणजे फक्त रुग्ण नेणारी गाडी, ‘क’ म्हणजे बेसिक आणि ‘ड’ म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड. लोक ‘ड’ प्रकाराला सरसकट ‘कार्डिअ‍ॅक’ म्हणतात. व्हेंटिलेटरवरचा रुग्ण हलवायचा असताना ‘ब’ प्रकारची गाडी दारात येऊन उभी राहते आणि अर्धा तास वाया जातो. म्हणून कॉल घेतानाच रुग्णाची अवस्था आणि गाडीचा प्रकार जुळवून घ्यावा.

पाळीच्या सुरुवातीची तपासणी

इंजिन ऑइल, कूलंट, ब्रेक, टायरमधली हवा, सगळे दिवे, सायरन, वायपर आणि मागच्या दाराची कडी हे पायलटने पाहायचे. ईएमटीने मागचा भाग. तपासणी म्हणजे यादीवर टिक करणे नव्हे, वस्तू चालवून पाहणे. सक्शनची (घशातला स्राव ओढून काढणाऱ्या यंत्राची) नळी बोटाने दाबून धरली की चार सेकंदांत ३०० मिलिमीटर पाऱ्याचा निर्वात यायला हवा; नुसती मोटर गुरगुरली म्हणजे सक्शन चालू आहे असे नाही. लॅरिंगोस्कोपचा (घसा पाहून श्वासनळीत नळी घालायच्या साधनाचा) दिवा पांढरा, लख्ख लागला पाहिजे. पिवळट लागला तर सेल बदलावेत. अँबू बॅगचे (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचे) तोंड तळव्याने बंद करून बॅग दाबावी. हवा कुठूनही सुटता कामा नये. लहान मुलांचा मास्क बहुतेक वेळा नेमका तिथेच नसतो.

ऑक्सिजनचा हिशेब मात्र तोंडपाठ हवा. दाबमापकावरच्या बारमधल्या आकड्यातून १५ वजा करायचे (तो राखीव साठा), उरलेल्याला सिलिंडरच्या पाण्याच्या क्षमतेने, म्हणजे त्यात जितके लिटर पाणी मावेल त्या आकड्याने, गुणायचे आणि मिनिटाला जाणाऱ्या लिटरने भागायचे. बी टाइप सिलिंडरची क्षमता १० लिटर असते. काटा ९० वर असेल तर ७५ गुणिले १० म्हणजे ७५० लिटर. मिनिटाला १० लिटरने ती ७५ मिनिटे पुरतील. आता पुण्याहून मुंबईला रुग्ण न्यायचा आहे असे धरा. साधारण १५० किलोमीटर, तीन तास. मिनिटाला १० लिटरने १,८०० लिटर लागतात आणि १५० बार दाबाला पूर्ण भरलेला बी टाइप वापरता येण्याजोगे १,३५० लिटरच देतो. बोरघाटात गाड्या अडकल्या तर तीनाचे पाच तास होतात. म्हणून अशा प्रवासाला हिशेबाच्या दुप्पट साठा न्यावा : तीन भरलेले बी टाइप, किंवा सुमारे ७,००० लिटरचा एक डी टाइप. व्हेंटिलेटर असेल तर त्याचा स्वतःचा खर्च त्यात वेगळा धरावा लागतो.

सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडावा आणि रेग्युलेटरला तेल, ग्रीस, व्हॅसलिन कधीही लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनशी गाठ पडली की ते पेट घेते. मोकळा उभा ठेवलेला सिलिंडर हा गाडीतला सर्वांत मोठा धोका आहे. जोरात ब्रेक लागला की तो सरळ पुढे सुटतो आणि मध्ये रुग्णाचे किंवा ईएमटीचे डोके असते. पट्टा दोन ठिकाणी, घट्ट.

रस्त्यावर

सायरन वाजतो म्हणजे रस्ता मोकळा झाला, असे पायलटने कधीही धरू नये. काचा बंद, एसी आणि गाणी चालू असलेल्या मोटारीत सायरन फार उशिरा ऐकू येतो. ताशी ६० किलोमीटरला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, त्यामुळे समोरच्याने दचकून ब्रेक दाबेपर्यंत अंतर संपलेले असते. सगळ्यांत वाईट अपघात चौकात होतात. सिग्नल लाल असेल तर गाडी पूर्ण थांबवावी, सायरनचा सूर बदलावा आणि एकेक लेन थांबली याची खात्री करत पुढे सरकावे. पहिल्या लेनमधली बस थांबली की तिच्या आडून येणारी दुचाकी दिसत नाही; धडक तिथे बसते. दोन रुग्णवाहिका पाठोपाठ जात असतील तर दुसरीला धोका अधिक, कारण पहिली गेली की लोक लगेच गाड्या पुढे घेतात. दोघींमध्ये भरपूर अंतर आणि सायरनचे सूर वेगळे ठेवावेत.

पुण्यात आणखी एक प्रकार रोजचा आहे. रुग्णवाहिकेला वाट मिळाली की मागे दहा-बारा दुचाकी चिकटतात आणि त्याच फटीतून निघू पाहतात. पायलटने अचानक ब्रेक लावला तर त्या मागच्या दारावर आदळतात. मागचा आरसा सतत पाहणे आणि ब्रेक आधीपासून, हळूहळू दाबणे, याला पर्याय नाही.

कायद्याने रुग्णवाहिकेला आपत्कालीन कामावर असताना सिग्नल व वेगमर्यादेबाबत सवलत आहे, पण ती खबरदारीच्या अटीवर. सवलतीमुळे अपघाताची जबाबदारी टळत नाही. रस्ता न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ई खाली १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. ही तरतूद २०१९ च्या दुरुस्तीने आली.

वेगाचा फायदा शहरात फार थोडा मिळतो. हिंजवडीहून संध्याकाळी निघालेली गाडी कितीही घाई केली तरी दोन-चार मिनिटेच वाचवते. गतिरोधकावरून उडालेली गाडी मात्र मणक्याला मार लागलेल्या रुग्णाचे कायमचे नुकसान करू शकते. गतिरोधक येण्याआधी पायलटने मागे आवाज द्यावा, म्हणजे ईएमटी सुई बाजूला घेतो आणि दांडी धरतो. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर रस्ता, तसेच पालख्यांच्या मुक्कामात नाना पेठ व भवानी पेठ हे भाग सोडून रस्ता ठरवावा. मिरवणुकीतली गर्दी रुग्णवाहिकेला मनापासून वाट करून देते, पण माणसांच्या त्या भिंतीतून गाडी चालण्याच्या वेगानेच नेता येते. लहान मूल कोणत्याही क्षणी पुढे येऊ शकते.

घटनास्थळी गाडी लावणे

पुण्याजवळच्या महामार्गावर कात्रजच्या नवीन बोगद्यापासून दरी पुलावरून नवले पुलापर्यंत येणारा सलग उतार हे याचे सर्वांत कठीण उदाहरण. अवजड ट्रकचे ब्रेक या उतारावर सतत दाबून तापतात आणि धरेनासे होतात. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली असेल तर इंजिनाचा अटकावही उरत नाही. त्यामुळे एक अपघात झाला की त्याच जागी मागून दुसरा ट्रक येण्याची शक्यता खरी असते.

पथक सर्वांत आधी पोहोचले असेल आणि पोलिसांची किंवा महामार्गाची गाडी आलेली नसेल, तर रुग्णवाहिका अपघाताच्या अलीकडे, साधारण ३० मीटरवर तिरकी लावतात. पुढची चाके अपघातापासून दूर वळवलेली, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. मागून धडक बसलीच तर ती जखमींच्या अंगावर जात नाही. पण मग रुग्ण मागच्या दारातून चढवताना पथकाची पाठ येणाऱ्या वाहनांकडे होते. म्हणून अडवणारी दुसरी मोठी गाडी आली की रुग्णवाहिका लगेच अपघाताच्या पलीकडे न्यावी आणि रुग्ण तिथे चढवावा. नवले पुलासारख्या उतारावर शंकू आणि त्रिकोण ब्रेक गेलेल्या ट्रकला थांबवत नाहीत. तिथे जागेवर उपचार कमीत कमी : वाहते रक्त थांबवणे, श्वासमार्ग मोकळा करणे, मानेला आधार, आणि रुग्णाला उचलून बाहेर. सलाइन पुढे गेल्यावर लावता येते.

उतरताना वाहतुकीच्या विरुद्ध बाजूचे दार वापरावे. चमकणारे जॅकेट गाडीत बसल्यावरच घालावे, उतरल्यावर नव्हे. दोन वाहनांच्या मध्ये उभे राहू नये. रात्री हेडलाइट चालू ठेवले तर समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि त्याला पथक दिसतच नाही. लुकलुकणारे दिवे पुरेत. टँकर उलटला असेल तर वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि चढावर, लांब थांबावे, मागचा धोकासूचक फलक दुर्बिणीतून किंवा मोबाइलच्या झूमने वाचून त्यावरचा क्रमांक नियंत्रण कक्षाला कळवावा. अग्निशमन दलाने परवानगी दिल्याशिवाय जवळ जाऊ नये, आत कोणी ओरडत असले तरीही. सीएनजी रिक्षातून फुसफुस ऐकू येत असेल तर हाच नियम. विजेची तार पडलेली असेल तर वीजपुरवठा बंद झाल्याचे महावितरणकडून कळेपर्यंत गाडीला हात लावू नये.

उचलणे

पाठीची दुखणी या व्यवसायात माणसे लवकर निकामी करतात. पाय खांद्याइतके फाकवून, गुडघे वाकवून, ओझे अंगालगत घेऊन उचलावे आणि उचललेले असताना कमरेतून वळू नये. डोक्याकडचा माणूस हुकूम देतो : ‘तयार? एक, दोन, तीन, उचला.’ तिनावर की तिनानंतर, हे आधी ठरलेले हवे; नाहीतर एक बाजू आधी वर जाते.

कसबा किंवा शनिवार पेठेतल्या जुन्या वाड्यात लाकडी जिना इतका उभा आणि अरुंद असतो की स्ट्रेचर वळतच नाही. काही ठिकाणी धरायला कठड्याऐवजी दोर लोंबत असतो. अशा वेळी शुद्धीवर असलेल्या, मणक्याला मार नसलेल्या रुग्णाला खुर्चीवर बसवून, छाती, कंबर आणि पाय पट्ट्याने बांधून, पाय पुढे ठेवून उतरवावे. रुग्णाचे हातही पट्ट्याखाली घ्यावेत. घाबरलेला माणूस हमखास दोर किंवा चौकट पकडतो आणि तोल जातो. खालच्या माणसाच्या मागे तिसरा माणूस हवा. तो त्याच्या पाठीला हात लावून ‘अजून दोन पायऱ्या’ असे सांगत राहतो. निघण्यापूर्वी जिना रिकाम्या हाताने एकदा उतरून पाहावा. कुठली फळी हलते ते तेव्हाच कळते. नव्या सोसायट्यांत अडचण वेगळी असते : आडवे स्ट्रेचर मावत नाही अशी लिफ्ट. तिथेही खुर्चीच. कॉल घेतानाच एक माणूस गेटवर आणि एक लिफ्ट धरून खाली उभा करायला सांगितले तर बराच वेळ वाचतो.

चाकांचे स्ट्रेचर खडबडीत जागी खाली उतरवून, दोघांनी दोन टोकांना धरून ढकलावे. उंच केलेले स्ट्रेचर खड्ड्यात चाक गेले की आडवे होते. खांद्याचे पट्टे अनेक गाड्यांत गुंडाळून ठेवलेले असतात; ते न लावता जोरात ब्रेक लागला की रुग्ण स्ट्रेचरवरून डोक्याच्या दिशेने घसरतो.

वाटेत

मागे बसलेल्यानेही सीटबेल्ट लावावा, काम असेल तेव्हाच सोडावा. चालत्या गाडीत उभे राहून छातीदाब देणे ईएमटीसाठी धोक्याचे असते आणि दाबही नीट पडत नाही. जिथे शक्य तिथे जागेवरच चांगले सीपीआर (छातीदाब आणि कृत्रिम श्वास) द्यावे. एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) हृदयाची लय तपासत असताना गाडी थांबवावी, कारण हादऱ्यांमुळे यंत्राची वाचनात गफलत होते. सोबत नातेवाईक एकच, तो पुढे, बेल्ट लावून. मागे चारजण बसवण्याचा आग्रह नेहमी होतो; तो शांतपणे पण ठामपणे नाकारावा. ससून, वायसीएम किंवा ज्या रुग्णालयात जायचे तिथे पोहोचण्याआधी फोनवर वय, तक्रार, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजनची पातळी, दिलेले उपचार आणि पोहोचायची वेळ एवढे सांगितले की पुरते.

गाडी मागे घेताना एकाने उतरून पायलटच्या बाजूच्या आरशात दिसेल असे उभे राहावे. तो आरशातून दिसेनासा झाला की गाडी जागीच थांबवायची.

रुग्ण सोपवल्यानंतर

सुई वापरणाऱ्याने ती स्वतःच लगेच पांढऱ्या, सुईने भोक न पडणाऱ्या डब्यात टाकावी. टोपण परत बसवताना सर्वाधिक सुया टोचतात. रक्ताचे बोळे पिवळ्या पिशवीत, नळ्या आणि सलाइनच्या बाटल्या लाल पिशवीत, काच निळ्या डब्यात, हे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे. सुई टोचलीच तर जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू करावे. ७२ तासांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत.

गाडी पुसायला एक टक्का सोडियम हायपोक्लोराइट लागते. बाजारातले पाच टक्क्यांचे असेल तर एक भाग द्रावणाला चार भाग पाणी. ते रोज ताजे करावे, साठवलेले फिके पडते. आधी रक्त टिपून घ्यायचे, मग द्रावण टाकून दहा मिनिटे थांबायचे. दोन्ही दारे उघडी ठेवून छतापासून खाली आणि पुढून मागच्या दाराकडे पुसत यायचे. मॉनिटरला आणि धातूच्या भागांना ७० टक्के अल्कोहोल वापरावे, हायपोक्लोराइटने त्यांना गंज चढतो. संडास साफ करायचे आम्लाचे द्रावण यात कधीही मिसळू नये. बंद गाडीत क्लोरीन वायू तयार होतो आणि पुसणाराच रुग्ण होतो. हे झाल्यावर ऑक्सिजनचा काटा पाहून लॉगबुकात आकडा लिहावा, संपलेला सिलिंडर बदलावा, आणि मगच नियंत्रण कक्षाला गाडी मोकळी झाल्याचे कळवावे.