घाटेअळीचे कृत्रिम खाद्य : कसे शिजवावे, कुठे बिघडते

घाटेअळी प्रयोगशाळेत वर्षभर लागते, कधी तिला मारणारा, जैविक कीटकनाशक म्हणून वापरायचा विषाणू तयार करायला, कधी कीटकनाशकांच्या चाचण्यांना. हरभऱ्याचे ओले घाटे बारा महिने मिळत नाहीत, आणि शेतातून आणलेल्या पाल्याबरोबर फवारणीचा अंश व रोग हमखास आत येतात. म्हणून हे खाद्य.

एका संचात तीन पुड्या आहेत. ‘अ’ : काबुली हरभऱ्याचे पीठ १०५ ग्रॅम, यीस्ट १० ग्रॅम, मिथाइल पॅराबेन २ ग्रॅम, सॉर्बिक ॲसिड १ ग्रॅम. ‘ब’ : अगर-अगर (खाद्य घट्ट बसवणारी पूड) १२.७५ ग्रॅम. ‘क’ : ॲस्कॉर्बिक ॲसिड (व्हिटॅमिन सी) ३.२५ ग्रॅम, इतर जीवनसत्त्वे आणि स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक ०.२५ ग्रॅम. डिस्टिल्ड वॉटर ७८० मिली तुमचे. एका अळीला सहा ग्रॅम धरले, तर दीडशेच्या आसपास अळ्यांना पुरते.

पाणी मोजून निम्मे-निम्मे करा. ३९० मिलीत ‘अ’ घालून मिक्सरमध्ये दोन मिनिटे फिरवा. उरलेल्या ३९० मिलीत ‘ब’ ढवळत उकळा. दाणा दिसेनासा होऊन पाणी नितळ झाले की ते लगेच मिक्सरमध्ये ओता आणि मिनिटभर फिरवा. खोलीच्या तापमानाचे वाटण व उकळता अगर एकत्र आले की मिश्रण ६० अंशांच्या जवळपास येते. पाणी निम्मे करायचे ते यासाठीच. वेळ वाचवायला सगळे एकत्र उकळू नका. तापलेल्या मिश्रणात ‘क’ पडली की ॲस्कॉर्बिक ॲसिड नष्ट होते, मग अळ्या खुरटतात आणि त्यांना कात नीट टाकता येत नाही. उलट, वाटण फ्रिजमधले गार असेल तर अगर तिथल्या तिथे गोठून गुठळ्या होतात. थर्मामीटर बुडवून बघा, ६० च्या खाली आले की ‘क’ घाला, अर्धा मिनिट फिरवा आणि ४५ च्या आत जाण्यापूर्वी ट्रेमध्ये ओता.

‘क’सोबतच १० टक्के फॉर्मल्डिहाइड २ मिली घालायचे असते. बाजारातले फॉर्मलिन, म्हणजे फॉर्मल्डिहाइडचे द्रावण, ३७ ते ४० टक्क्यांचे असते, त्यात तिप्पट पाणी घालून घ्या; तसेच ओतले तर अळ्या खाद्याला तोंड लावत नाहीत. विषाणू वाढवण्याच्या ट्रेमध्ये मात्र फॉर्मलिनचा थेंबही नको, त्याने विषाणूच निकामी होतो.

ओतल्यावर झाकण लगेच लावू नका. वाफेचे थेंब आतून साचतात आणि नुकत्याच फुटलेल्या अळ्या त्यात चिकटून मरतात. मलमलीने झाकून पूर्ण निवू द्या. शिल्लक खाद्य फ्रिजमध्ये आठवडाभर चालते. कडा सुटून आकसलेले वापरू नये. तिसऱ्या अवस्थेपासून, म्हणजे दुसऱ्यांदा कात टाकल्यावर, प्रत्येक अळीला वेगळा खण द्या, नाहीतर त्या एकमेकींना खातात. खोली २५-२६ अंश, आर्द्रता ६५-७० टक्के.

अळ्या मरू लागल्या की पहिला संशय खाद्यावर घेतला जातो. आधी अळीकडे नीट बघा. कातडी नाजूक होऊन स्पर्शाने फुटत असेल, आतून पातळ द्रव येत असेल, मेलेली अळी डोके खाली करून लटकत असेल, तर तो विषाणू आहे. खाद्य बदलून काही होणार नाही. ती तुकडी जाळा, ट्रे हायपोक्लोराइटने धुवा, आणि पुढची अंडी, पतंगांनी ती ज्यावर घातली त्या कापडासकट, ०.२ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये पाच मिनिटे बुडवून वाहत्या पाण्यात स्वच्छ खळबळून घ्या. विषाणूच्या खोलीत काम केलेल्याने त्याच दिवशी पैदाशीच्या खोलीत पाय ठेवू नये.