रातकिड्याला स्वतःचा आवाज का ऐकू येत नाही?

लग्नसराईत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात जा. ‘त्याइच्या डीजेनं रातभर डोकं उठवलं बाप्पा!’ असं म्हणणाऱ्याच्याच दारात पुढच्या तिथीला डीजे लागलेला असतो. कोणी टोकलं तर उत्तर तयार: ‘काहून? लेकराचं लगन का रोज रोज होते?’ एसटीतही तेच. मागच्या सीटवरच्या पोरांच्या गाण्यांवर करवादणारे काका दहाव्या मिनिटाला स्वतःच्या मोबाइलवर कीर्तन लावतात, इयरफोनशिवाय.

निर्लज्जपणा म्हणून आपण मोकळे होतो. तो असेलही. पण स्वतःचा आवाज स्वतःला कमी जाणवणं ही मज्जासंस्थेतली फार जुनी सोय आहे, आणि ती पाहायची तर धुऱ्यावरच्या रातकिड्याकडे वळावं.

गातो तो नर. एका पंखाखाली दातेरी शीर असते, दुसऱ्या पंखाची कड तिच्यावर घासली की किर्र आवाज निघतो. अगदी जवळून मोजला तर तो 100 डेसिबलच्या वर जातो. डेसिबलची मोजपट्टी फसवी असते. 10 डेसिबल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे साध्या बोलण्याच्या 60 डेसिबलपेक्षा 100 डेसिबलची तीव्रता दहा हजार पट. आणि रातकिड्याचे कान कुठे? पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली, पंखांच्या अगदी शेजारी. मग तो बहिरा कसा होत नाही? कान बंद करून गाणं त्याला परवडणार नाही, कारण शेजारचा प्रतिस्पर्धी आणि वरून येणारं वटवाघूळ दोन्ही ऐकू यायला हवेत.

केंब्रिज विद्यापीठात जेम्स पूले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी गात असलेल्या रातकिड्याच्या एकेका चेतापेशीतले विद्युत संकेत नोंदवले. 2002 मध्ये त्यांनी दाखवलं की पंख हलवण्याचा हुकूम स्नायूंकडे जातो त्याच वेळी त्याची एक प्रत श्रवणमार्गाकडेही जाते. याला कोरोलरी डिस्चार्ज म्हणतात. ती प्रत पोचली की ऐकणाऱ्या चेतापेशी तेवढ्या क्षणापुरत्या दबतात. दोन किरकिरींच्या मधल्या फटीत त्या पुन्हा तल्लख होतात. आता कोणी म्हणेल, मोठ्या आवाजानंच कान दबत असेल. म्हणून त्यांनी एक पंख काढलेले रातकिडेही तपासले. हे किडे गाण्याच्या हालचाली करतात, आवाज मात्र निघत नाही. तरीही चेतापेशी त्याच ठेक्यावर दबत होत्या! दाबणारा संकेत आवाजातून येत नव्हता, हुकमातून येत होता. 2006 मध्ये त्यांना तो संकेत नेणारी चेतापेशीही सापडली. शरीराच्या प्रत्येक बाजूला अशी एकच असते.

माणसातही असंच काही चालतं. लंडनमध्ये 2003 साली सुखविंदर शेरगिल आणि सहकाऱ्यांनी दोघादोघांना समोरासमोर बसवलं. एकानं दुसऱ्याच्या बोटावर यंत्रातून दाब द्यायचा, दुसऱ्यानं तेवढाच परत द्यायचा. तेवढाच, जास्त नाही. तरी दर खेपेला दाब सरासरी 38 टक्क्यांनी वाढत गेला. स्वतः दिलेला दाब मेंदू कमी मोजतो, आलेला पुरता मोजतो. बांधावरच्या भांडणात ‘म्या तं नुसतं ढकललं, त्यानंच मारलं’ असं दोघंही सांगतात तेव्हा दोघंही खोटंच बोलत असतील असं नाही.

आवाजाचंही तसंच. स्वतः बटण दाबून काढलेल्या आवाजाला मेंदू कमी प्रतिसाद देतो, हे 1970 च्या दशकातच मेंदूच्या विद्युत आलेखांवर दिसलं होतं. पण एवढ्यावरून रातभराच्या डीजेचं सगळं खापर चेतापेशींवर फोडू नये. तिथला परिणाम क्षणभराचा, डीजे तासन्‌तासचा. शास्त्राचं नाव घेऊन काहीही खपवायची आपल्याकडे हौस आहेच. 2020 मध्ये थाळ्यांच्या स्पंदनांनी विषाणू मरतात असे मेसेज गावोगाव फिरले. विषाणू काही मेला नाही, गोठ्यातली वासरं तेवढी बिचकली.

डीजेसाठी दुसरा प्रयोग जास्त जवळचा वाटतो. अमेरिकेत डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना अवचित गोंगाट ऐकवला. काहींना सांगितलं, असह्य झालं तर हे बटण दाबा, आवाज थांबेल. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. तरी नंतर दिलेल्या कामात त्यांच्या चुका कमी झाल्या, अवघड कोड्याशी ते जास्त वेळ झटले. आवाज दोन्ही गटांना सारखाच होता. नवरदेवाच्या बापाच्या हाती बटण असतं. भिंतीपलीकडे परीक्षेला बसलेल्या पोरीच्या हाती नसतं.

म्हणून ‘मले तं काही तरास होत नाही’ ही साक्ष बिनकामाची. आपला ध्वनिप्रदूषणाचा 2000 सालचा नियमही सार्वजनिक जागेवरच्या भोंग्याचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर मोजायला सांगतो. तिथे तो 75 डेसिबल किंवा परिसराच्या मर्यादेपेक्षा 10 डेसिबल जास्त, यात जे कमी असेल त्याच्या पुढे जाता कामा नये. निवासी भागाची मर्यादा दिवसा 55, रात्री 45. मोबाइलवरची फुकटची डेसिबल ॲपं अचूक नसतात, पण मंडपात बसून ‘एवढा कुठं आहे’ म्हणण्यापेक्षा एकदा शेजारच्या ओसरीवर जाऊन आकडा पाहायला तेवढी पुरतात.