कव्हर आधी की व्हिडिओ? गाण्याच्या दृश्य ओळखीची पार्श्वभूमी

१९७५ च्या नोव्हेंबरात क्वीन या ब्रिटिश बँडपुढे एक अडचण होती. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' गाजायला लागलं होतं, बँड दौऱ्यावर निघणार होता आणि टीव्हीच्या कार्यक्रमात उभं राहून त्यातल्या ऑपेराच्या भागावर ओठ हलवायचे म्हणजे हसं करून घेणं. दिग्दर्शक ब्रूस गोवर्स यांनी एल्स्ट्रीच्या स्टुडिओत काही तासांत एक चित्रफीत उरकली. अंधारातून वर आलेले चार चेहरे, चौकटच्या पत्त्याच्या आकारात मांडलेले: त्या चित्रफितीतली ही प्रतिमा आज सगळ्यांना आठवते. पण ती नवी नव्हती. आदल्या वर्षी 'क्वीन टू' या अल्बमच्या कव्हरसाठी छायाचित्रकार मिक रॉक यांनी हीच मांडणी टिपली होती आणि त्यांच्या डोळ्यांपुढे होतं 'शांघाय एक्स्प्रेस' या १९३२ च्या चित्रपटातलं अभिनेत्री मार्लिन डीट्रिशचं छायाचित्र.

गंमत पुढेच आहे. हे गाणं ज्या अल्बमचं, त्या 'अ नाइट ॲट दि ऑपेरा' च्या कव्हरवर एकही चेहरा नाही. पांढऱ्या पार्श्वभूमीवर बँडचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांनी रेखाटलेलं राजचिन्ह, बस्स. म्हणजे व्हिडिओ जुळला तो विकायला ठेवलेल्या अल्बमशी नव्हे, तर बँडच्या जुन्या चेहऱ्याशी. आजच्या हिशेबात ही चूकच धरली गेली असती. आज पोस्टर, टीझर, व्हिडिओ, थंबनेल आणि स्ट्रीमिंगवरचं कव्हर अशी सगळी भावंडं एकाच तोंडवळ्याची असावी लागतात. ही अपेक्षा आली कुठून, हे पाहू लागलं की डिझाइनच्या तत्त्वांपेक्षा दोन साध्या प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात: लोकांपर्यंत आधी काय पोहोचत होतं आणि लगाम कोणाच्या हातात होता?

सुरुवातीला पोहोचण्यासारखं काही नव्हतंच. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या कोऱ्या कागदी पाकिटांत मिळत. अनेक तबकड्यांचा संच असेल तर तो फोटोंच्या अल्बमसारख्या जाड पुठ्ठ्यांत बांधला जाई. 'अल्बम' हा शब्द तिथूनच आला. वर फक्त नाव छापलेलं, त्यामुळे दुकानाच्या फळीवर हे संच थडग्यांच्या रांगेसारखे दिसत. हे बदललं कोलंबिया रेकॉर्ड्समधल्या ॲलेक्स स्टाइनवाइस या तरुण कलादिग्दर्शकाने. रॉजर्स आणि हार्ट या संगीतकार-गीतकार जोडीच्या गाण्यांच्या संचासाठी १९४० साली त्याने न्यूयॉर्कच्या इम्पीरियल थिएटरच्या दर्शनी पाटीवरची दिव्यांची अक्षरं बदलून संचाचं नाव लावून घेतलं आणि त्याचा फोटो काढला. पहिलं म्हणून गौरवलं जाणारं हे कव्हर म्हणजे एका परीने उभारलेला सेटच होता, फक्त कॅमेरा एकदाच चालला. १९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली तेव्हा तिचं पुठ्ठ्याचं पाकीटही स्टाइनवाइसनेच घडवलं. सुमारे ३० सेंटिमीटरचा चौरस डिझायनरला मिळाला आणि पुढची चार दशकं गाण्याची दृश्य ओळख म्हणजे तो चौरस, हे समीकरण पक्कं झालं.

हलतं चित्र तेव्हा नव्हतं असं नाही. १९४० पासून काही वर्षं अमेरिकेत नाणं टाकून गाण्यांच्या छोट्या फिल्म पाहण्याची यंत्रं होती. पण एका रिळावर जो क्रम असेल तो पाहायचा, आणि त्या फिल्मचा तबकडीच्या पाकिटाशी काही संबंध नसे. दोन वेगळे धंदे, दोन वेगळी माणसं.

एकसारखेपणा पहिल्यांदा शिस्तीत दिसला तो कलाकाराचा नव्हे, कंपनीचा. ब्लू नोट या जॅझ कंपनीसाठी रीड माइल्स यांनी १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत शेकडो कव्हर केली. फ्रान्सिस वुल्फ यांचे कृष्णधवल फोटो निर्दयपणे कापायचे, एखादाच रंग चढवायचा आणि अक्षरांना वाद्यासारखं वाजू द्यायचं. वादक बदलला तरी लांबून कळायचं की ही ब्लू नोट आहे. माझ्या मते दृश्य ओळख म्हणजे एकच चित्र सगळीकडे चिकटवणं नव्हे, हे इतक्या स्वच्छपणे त्याआधी कोणी दाखवलं नव्हतं.

कलाकाराच्या बाजूने पाहिलं तर १९६७ आणि १९७३ ही दोन वर्षं महत्त्वाची. बीटल्स या बँडच्या 'सार्जंट पेपर' या १९६७ च्या अल्बममध्ये पीटर ब्लेक आणि जॅन हॅवर्थ यांनी कव्हरवर उभारलेल्या प्रसिद्ध माणसांच्या गर्दीबरोबर मागच्या बाजूला गाण्यांचे शब्द छापले होते आणि आत कापून काढायच्या मिशा आणि बिल्ले होते. प्रसिद्धीचं साहित्य कव्हरच्या पोटातूनच बाहेर आलं. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या 'द डार्क साइड ऑफ द मून' साठी हिपग्नोसिस या स्टुडिओने त्याच्याही पुढची उडी घेतली. बँडमधले वादक रिचर्ड राइट यांना काहीतरी साधं हवं होतं, आणि त्यांचे कार्यक्रम प्रकाशाच्या खेळासाठी ओळखले जात. त्यातून प्रकाशाचे रंग वेगळे करणारा काचेचा लोलक निघाला, जॉर्ज हार्डी यांनी रेखाटलेला. पाकीट उघडलं की बाहेरचा इंद्रधनुषी पट्टा आत सरकतो आणि हृदयाच्या ठोक्यांची रेषा होतो, कारण अल्बमची सुरुवातही ठोक्यांनी होते. सोबत पोस्टर आणि स्टिकर. इथे चित्राला ऐकण्यातलं कारण मिळालं. रोलिंग स्टोन्स या बँडचं बोधचिन्ह असलेली लाल जीभ त्याआधीची, १९७० मध्ये जॉन पॅश या विद्यार्थ्याने ५० पौंडांत काढलेली. पण ती खूण होती, गोष्ट नव्हे. कुठेही लावा, चालते. लोलक मात्र त्या अल्बमचाच राहिला.

व्हिडिओ आणि कव्हर एकाच कल्पनेतून जन्माला आल्याचं ठळक उदाहरण १९८० चं. गायक डेव्हिड बोवी यांनी 'ॲशेस टू ॲशेस' या गाण्याच्या व्हिडिओसाठी विदूषकाचा, पिएरोचा, पोशाख नताशा कोर्निलॉफ यांच्याकडून करून घेतला. दिग्दर्शन डेव्हिड मॅलेट यांच्यासह स्वतः केलं, दृश्यांची रेखाटनंही स्वतः काढली. पुढच्याच महिन्यात आलेल्या 'स्केरी मॉन्स्टर्स' अल्बमच्या कव्हरवर तोच पिएरो उभा आहे, ब्रायन डफी यांच्या छायाचित्रात आणि एडवर्ड बेल यांच्या रंगकामात. एकच पोशाख, एकच रंगलेला चेहरा, पण व्हिडिओत तो उजळ, विकृत रंगांच्या समुद्रकिनाऱ्यावर चालतो आणि कव्हरवर केस विस्कटून सिगारेट ओढतो. नक्कल नाही, नातं आहे. हे जमलं कारण निर्णय एकाच माणसाकडे होते.

मग १ ऑगस्ट १९८१ ला गाण्यांचे व्हिडिओ दाखवणारी एमटीव्ही ही अमेरिकन वाहिनी सुरू झाली आणि पोहोचण्याचा क्रमच उलटला. आता लोक दुकानात जाण्याआधी गाणं पाहू लागले. जाता जाता, त्या वाहिनीचं बोधचिन्हच या विषयाचा उत्तम धडा होतं. मॅनहॅटन डिझाइन या छोट्या स्टुडिओने केलेल्या त्या धिप्पाड 'एम' चा आकार कायम असे, पण आतला रंग, पोत, नक्षी दर वेळी नवी. तोवर मोठ्या कंपन्या आपल्या चिन्हाचा रंगसुद्धा हलू देत नसत.

गाणी करणाऱ्यांनी मात्र तो धडा लगेच घेतला नाही. मायकल जॅक्सन यांच्या 'थ्रिलर' चं १९८२ चं कव्हर आठवून पाहा. पांढरा सूट, एका कुशीवर रेललेला तरुण. तो सूट छायाचित्रकार डिक झिमरमन यांचा स्वतःचा होता, ऐन वेळी अंगावर चढवलेला. वर्षभराने जॉन लँडिस यांचा जवळपास १४ मिनिटांचा व्हिडिओ आला, त्यात डेबोरा नॅडूलमन लँडिस यांनी घडवलेलं लाल चामड्याचं जॅकेट होतं. आज 'थ्रिलर' म्हटलं की डोळ्यांपुढे ते जॅकेटच येतं. सूट कोणाला आठवतो? कव्हरचं राज्य संपल्याचा याहून सरळ पुरावा शोधायची गरज नाही.

या फारकतीमागे कलेपेक्षा कारभार जास्त होता. कव्हर कंपनीचा कलाविभाग करायचा आणि ते छपाईला आधी जायचं. व्हिडिओ वेगळ्या विभागाच्या, वेगळ्या पैशातून, बाहेरच्या दिग्दर्शकाकडे जायचा, आणि दिग्दर्शकाला आपली छाप सोडायची असायची. पोस्टर करणारा तिसराच. तिघांची गाठ पडली तर नशीब.

अर्थात फारकत ही नेहमी हार नव्हती. न्यू ऑर्डर या बँडच्या 'ट्रू फेथ' या गाण्याच्या कव्हरवर पीटर सॅव्हिल यांनी निळ्यावर एक सोनेरी पान ठेवलं, तर फिलिप दकुफ्ले यांच्या १९८७ च्या व्हिडिओत विचित्र फुगीर पोशाखातली माणसं एकमेकांना तालात थोबाडीत मारतात. दोन्हींत सुताचाही संबंध नाही, आणि दोन्ही अविस्मरणीय आहेत. सुसंगती हवीच असा हट्ट धरणाऱ्यांपुढे मी हे उदाहरण नेहमी ठेवतो.

नव्वदीच्या दशकात काही जणांनी लगाम परत हातात घेतला. एफेक्स ट्विन या इलेक्ट्रॉनिक संगीतकाराने स्वतःचं छद्मी हसू कव्हरवर छापलं. मग ख्रिस कनिंगहॅम यांच्या १९९७ च्या 'कम टु डॅडी' व्हिडिओत तेच हसू लहान मुलांच्या धडांवर बसलं आणि तीच पोरं त्या तबकडीच्या कव्हरवर आली. गोरिलाझ या कार्टून पात्रांच्या बँडमध्ये तर प्रश्नच मिटला. डेमन अल्बर्न यांचं संगीत आणि जेमी ह्यूलेट यांची रेखाटलेली पात्रं, म्हणजे कव्हर, व्हिडिओ, पोस्टर सगळं एकाच पेन्सिलीतून. द व्हाइट स्ट्राइप्स या बँडने सगळ्यात स्वस्त मार्ग निवडला: लाल, पांढरा, काळा, चौथा रंग नाही. कपडे, ढोल, कव्हर, आणि २००३ च्या 'सेव्हन नेशन आर्मी' चा त्रिकोणांतून सरकत जाणारा व्हिडिओ, सगळीकडे तेच. दिग्दर्शक कोणीही असो, रंगांची पेटी त्याच्या हाती तयारच दिली जाई.

ही वाट पुढे राजमार्ग झाली, कारण चौरस आटत गेला. सीडीबरोबर तो १२ सेंटिमीटरवर आला, २००३ च्या आयट्यून्स स्टोअर या ऑनलाइन गाण्यांच्या दुकानानंतर नखाएवढा झाला. सार्जंट पेपरची गर्दी तिथे काय दिसणार? त्यात पडद्यांचे आकार वाढत गेले: टीव्हीचा आडवा, मोबाइलचा उभा, कव्हरचा चौरस. स्पॉटिफायच्या कॅनव्हासमध्ये तर ३ ते ८ सेकंदांची उभी फीत गाण्यामागे फिरत राहते. एकच चित्र या सगळ्या साच्यांत बसवायला गेलं की कुठे डोकं कापलं जातं, कुठे नाव. म्हणून ओळख चित्रातून निघून नियमात गेली. हा रंग, हे अक्षर, असा प्रकाश, इतकी मोकळी जागा. गायिका बियॉन्से यांनी डिसेंबर २०१३ मध्ये कसलीही पूर्वसूचना न देता १४ गाणी आणि १७ व्हिडिओ एकदम दिले. दिग्दर्शक अनेक, जगं अनेक. कव्हरवर काळ्या पार्श्वभूमीवर गुलाबी अक्षरांत फक्त नाव. इतक्या वेगवेगळ्या चित्रांना सामावणारं छत एवढं रिकामं असावं लागलं.

२०२४ च्या जूनमध्ये गायिका चार्ली एक्ससीएक्स यांच्या 'ब्रॅट' या अल्बमने ते छतही काढून टाकलं. डोळ्यांत खुपणारा पोपटी हिरवा आणि त्यावर धुरकट, ओढल्यासारखं साधं एरियल अक्षर. व्हिडिओंनी त्या हिरव्याची फिकीर केली नाही. 'व्हॉन डच' या गाण्याचा व्हिडिओ विमानतळावर घडतो आणि आपल्याच धुंदीत असतो. हिरवं काम बाहेर चाललं होतं: ब्रुकलिनच्या एका भिंतीवर, आणि कोणालाही आपलं वाक्य त्याच ढंगात छापून घेता येईल अशा साधनावर. अल्बमची वाढीव आवृत्ती आली तेव्हा त्याच हिरव्यावर लांबलचक नाव चढलं, आणि रिमिक्सच्या वेळी अक्षरं आरशात पाहिल्यासारखी उलटी झाली. शिवाय स्ट्रीमिंगवर चार्ली यांच्या आधीच्या अल्बमांची कव्हरही उतरवून तिथे तशीच नुसत्या अक्षरांची कव्हर लावली गेली.