शँडी आणि रॅडलर यांतला फरक

बिअरमध्ये गोड सोडा ओतला की शँडी झाली, असे आपल्याकडे सर्रास धरले जाते, आणि मेन्यूकार्डावर रॅडलर दिसले तर ते शँडीचेच दुसरे नाव असावे असे वाटते. दोन्ही पेये फेसाळ आणि गोडसर असल्याने हा घोटाळा साहजिक आहे. परंतु चवीचा विचार केला तर ती वेगवेगळी ओळखावीत असे मला मनापासून वाटते.

शँडी इंग्लंडची. एकोणिसाव्या शतकात तिथे मिळणाऱ्या शँडीगॅफमध्ये बिअरच्या जोडीला जिंजर बिअर, म्हणजे आल्याचे गोड, फसफसते पेय असे. पुढे आल्याची जागा बहुतेक ठिकाणी लेमनेडने घेतली. हे लेमनेड म्हणजे आपले लिंबू सरबत नव्हे, तर लिंबाच्या चवीचा गोड सोडा. प्रमाणाचे बंधन शँडीला फारसे नाही.

रॅडलर जर्मनीतल्या बव्हेरियाचे. म्युनिकजवळ खानावळ चालवणाऱ्या फ्रान्झ झाव्हर कुग्लर यांना १९२२ साली सायकलस्वारांच्या झुंबडीमुळे बिअर पुरेना, म्हणून त्यांनी ती लेमनेड घालून वाढवली, अशी कथा सांगतात. मात्र हे मिश्रण त्याआधीही प्यायले जात होते. यात फिकट लागर, म्हणजे हलक्या चवीची सोनेरी बिअर, आणि लिंबाचे लेमनेड निम्मेनिम्मे घेतात, आल्याला थारा नाही.

घरी करताना दोन्ही घटक आधी थंडगार करावेत, कारण बर्फ वितळला की चव पाणचट होते. ग्लास तिरपा धरून आधी सोडा ओतावा, मग कडेने हळूहळू बिअर सोडावी आणि ढवळू नये. ढवळल्याने वायू निघून जातो. कडवट, तांबूस एल प्रकारची बिअर असेल तर मी जिंजर बिअरच निवडेन, कारण आल्याचा झणका माल्टच्या, म्हणजे मोड आणून भाजलेल्या धान्याच्या, खरपूस चवीपुढे टिकतो, लेमनेड मात्र तिथे नुसते गोड लागते. फिकट लागरला लिंबू शोभते.

बाटली माइल्ड आहे की स्ट्राँग, हेही पाहावे. ५ टक्के मद्यार्काची बिअर निम्मी केली की २.५ टक्के उरतात. ८ टक्क्यांची स्ट्राँग घेतली तर निम्म्यावरही ४ टक्के राहतात, म्हणजे जवळपास साधी माइल्ड बिअरच. उलट, आपल्याकडे किंगफिशर रॅडलर या नावाने आलेल्या पेयात मद्यार्क नाही.