अळवावरचं पाणी थांबवायचं कसं?

निंबोळी अर्क केला, दहा झाडांच्या पाल्याचा दशपर्णी अर्क केला, वेळच्या वेळी फवारला, तरी कोबीवरचा मावा जसाच्या तसा! गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. दोष अर्काच्या माथी मारला जातो, पण पुष्कळदा अर्क किडीपर्यंत पोचलेलाच नसतो. पानावर पडला, गोळा झाला आणि घरंगळून मातीत गेला.

कोबी, अळू, कांदा, लसूण यांच्या पानांवर मेणाचा थर असतो. हा थर गुळगुळीत नसतो. त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात. पाण्याचा थेंब त्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकतो आणि खाली हवा अडकून राहते. शिवाय पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून ठेवतात. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. 25 अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो. द्रवांमध्ये हा आकडा बराच मोठा आहे, म्हणून थेंब पसरण्याऐवजी गोल राहणं पसंत करतो. त्यात कोबीवरचा राखी मावा स्वतःच्या अंगावर मेणाची भुकटी बाळगतो, पिठ्या ढेकूणही तसाच. म्हणजे पानही पाणी झटकतं आणि कीडही.

शेतकरी यावर उपाय म्हणून औषधात ‘स्टिकर’, म्हणजे थेंब पानावर पसरवून धरून ठेवणारं द्रव्य, टाकतात. कृषी सेवा केंद्रातल्या त्या बाटलीत बहुधा कारखान्यात बनलेली रसायनं असतात. निंबोळी अर्काच्या प्रचलित कृतीतही 100 लिटर पाण्याला 200 ग्रॅम साबणाचा चुरा सांगितलेला असतो. सेंद्रिय बाग करणाऱ्याला हे काम आपल्याच झाडांकडून करून घेता येतं, आणि त्यात रिठा सर्वांत सोयीचा.

रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात. त्यांच्या रेणूचा एक भाग तेलामेणाशी जमवून घेणारा, तर दुसरा साखरेच्या साखळ्यांचा, पाण्यात रमणारा. पाण्यात मिसळले की हे रेणू पृष्ठभागावर येऊन रांगेनं उभे राहतात, पाण्याच्या रेणूंची आपसातली ओढ सैल पडते आणि पृष्ठताण 72वरून 40 ते 50 मिलिन्यूटनपर्यंत उतरतो. शिकेकाईत आणि हिंगणबेटाच्या गरातही सॅपोनिनच असतं. रिठ्याचा आणखी एक गुण मला फार मोलाचा वाटतो. बोअरच्या जड पाण्यात साबण टाकला की कॅल्शियमशी जुळून त्याचा साका होतो आणि बराचसा साबण वाया जातो. सॅपोनिनची रासायनिक घडण वेगळी असल्यामुळे ते असं साकळत नाही. विदर्भ-मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर बाग जगवणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

कृती सोपी आहे. 10 सुके रिठे फोडून बिया काढून टाका. सालं अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर 15-20 मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून फडक्यातून गाळा. गाळताना कसूर नको, नाहीतर पंपाचं नोझल तुंबतं. हा काढा लिटरभर पाण्याला 50 ते 100 मिली पुरतो. कडुनिंबाचं तेल फवारायचं असेल, तर लिटरच्या हिशेबानं 5 मिली तेल आधी काढ्यात घालून, बाटली खळखळून हलवून दुधाळ करून घ्या आणि मगच पाणी थोडंथोडं वाढवा. तेल थेट पाण्यात ओतलं तर ते तरंगतं. एका पानाला नुसतं पाणी आणि दुसऱ्याला नुसतं तेल मिळतं, आणि ते दुसरं पान करपतं.

रिठे सगळे सारखे नसतात, त्यामुळे प्रमाण पानावरच ठरवावं. कोबीचं एक बाहेरचं पान ताटात सपाट ठेवा. त्यावर साध्या पाण्याचा थेंब टाका. तो मोत्यासारखा उभा राहील, पान जरा कललं की पळेल. शेजारी, लिटरभर पाण्यात दोन चमचे काढा घालून त्याचा थेंब टाका. मग आणखी दोन चमचे, पुन्हा नवा थेंब. दर खेपेला थेंब थोडा चपटा होत जाईल आणि पानाला धरून राहू लागेल. एका टप्प्यानंतर मात्र काढा कितीही वाढवला तरी थेंब आणखी पसरणार नाही. तिथेच थांबायचं.

थांबायचं, कारण पृष्ठभागावरची जागा तोवर भरलेली असते. त्यापुढे घातलेले रेणू पाण्याच्या आतच एकमेकांना बिलगून छोटे पुंजके करतात. त्यांना मिसेल म्हणतात. पृष्ठताण त्यामुळे आणखी उतरत नाही. फेस वाढतो, म्हणून अनेकांना वाटतं की जोर वाढला, आणि ओंजळ-ओंजळ रिठे उकळले जातात. फेसावरून जोर मोजू नका. जास्तीचं सॅपोनिन पानाच्या मेणाला आणि कोवळ्या शेंड्यांना त्रास देतं. ते मेण झाडानं पाणी टिकवायला आणि बुरशी अडवायला राखलेलं असतं. आधी दोन पानांवर फवारून दोन दिवस वाट पाहावी, आणि फवारणी संध्याकाळीच करावी.

अळवासारख्या हट्टी पानावर रिठ्याचं पाणीही थोडंफार घरंगळतंच. सॅपोनिनचे रेणू मोठे, त्यांना नव्या थेंबाच्या पृष्ठभागावर जमायला वेळ लागतो, आणि फवारलेला थेंब तर क्षणात पानावर आदळतो. म्हणून तुषार बारीक ठेवा, पानाच्या खालूनही फवारा. तयार काढा उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबतो. फ्रिजमध्ये ठेवला तर आठवडाभर टिकतो. सुकी सालं डब्यात ठेवून लागेल तेवढाच काढा करणं उत्तम.

कुंडीतली कोरडीठाक मातीही कधी पाणी झटकते, कारण कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातली मेणचट द्रव्यं तिच्या कणांवर बसलेली असतात. तिच्यावर एक थेंब टाकून बघा. 5 सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो तसाच उभा राहिला, तर माती पाणी नाकारतेय असं समजा. आधी कुंडी बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावी, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. नाहीच भागलं, तर अगदी पातळ रिठापाणी एकदाच द्यावं, दर आठवड्याला मुळीच नको. चहाच्या बियांच्या पेंडीतलं सॅपोनिन गोल्फच्या मैदानांवरून गांडुळं हुसकावायला वापरलेलं आहे. आपल्याला तर गांडुळं हवी असतात.

माशांना सॅपोनिन त्याहूनही घातक, कारण ते त्यांच्या कल्ल्यांवर आघात करतं. उरलेला काढा गप्पी मासे सोडलेल्या कमळाच्या टाकीत किंवा विहिरीच्या काठाशी ओतू नका. भरपूर पाण्यात मिसळून तो मोकळ्या जमिनीवर, झाडांच्या मुळांपासून दूर टाका.