पिल्लाचे पेपर, ब्रीडरची नोंदणी आणि मालकाची जबाबदारी : पार्श्वभूमी

कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकायची असतील तर राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, हे भारतात मे २०१७ मधल्या नियमांनी ठरलं. त्याच महिन्यात गुरांच्या बाजारांबाबतचे नियमही आले. सगळा गदारोळ त्यांच्यावरच झाला आणि कुत्र्यांचे नियम फारशी चर्चा न होता लागू झाले. नोंदणी नसलेला ब्रीडर आजही बिनदिक्कत जाहिरात करतो, त्याचं एक कारण हे आहे.

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा मूळ कायदा १९६० चा. त्यात प्राणी ताब्यात असलेल्या माणसाचं कर्तव्य सांगितलेलं आहे. कायम बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं हा मालकाचा गुन्हा, असं स्वतंत्र कलमही आहे. पैदाशीचा व्यवसाय कसा करावा, याबद्दल मात्र पुढची पन्नासहून अधिक वर्षं नियमच नव्हते. तोवर व्यवसाय वाढत गेला. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पग झळकला आणि शहरोशहरी पगच्या पिल्लांची मागणी उसळली. चपट्या नाकाच्या या कुत्र्याला आपल्या उन्हाळ्यात श्वास घेताना धाप लागते, हे घेणाऱ्यांपैकी किती जणांना कोणी सांगितलं असेल?

२०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात प्राण्यांची ‘पाच स्वातंत्र्यं’ १९६० च्या कायद्याशी जोडून वाचली. भूक-तहान, त्रासदायक निवारा, दुखणं-आजार आणि भीती यांपासून मुक्तता, आणि आपल्या जातीला साजेसं वागण्याची मोकळीक, अशी ही पाच. कायद्यांचा आढावा घेणाऱ्या केंद्रीय आयोगाने ऑगस्ट २०१५ च्या अहवालात पेट शॉप आणि कुत्र्यांची पैदास या दोन्हींवर नियमन हवं असं सांगितलं. एप्रिल २०१६ मध्ये व्यापारी पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणण्यावर केंद्राने बंदी घातली. २०१७ चे नियम या क्रमाने आले. दुकानांसाठीचे वेगळे नियम २०१८ मध्ये झाले.

खरा घोळ मात्र ‘रजिस्टर्ड’ या एका शब्दाने घातला आहे. पिल्लू घ्यायला गेलं की ब्रीडर म्हणतो, ‘सगळं रजिस्टर्ड आहे, पेपर मिळतील.’ हे पेपर श्वानसंघाचे, म्हणजे जातिवंत कुत्र्यांची वंशनोंद ठेवणाऱ्या केनेल क्लबचे असतात. त्यांवर पिल्लाचे आईबाप, आजे-पणजे आणि ब्रीडरचं नाव असतं. वंशावळीची ही पद्धत ब्रिटनमधून आली. तिथे १८५९ मध्ये पहिलं संघटित डॉग शो भरलं आणि १८७३ मध्ये वंशनोंदीसाठी संघ स्थापन झाला. जातिवंत कुत्रा कोणाच्या पोटचा, हे ओळखण्यापुरती ती पद्धत उपयोगी आहे. पण त्या कागदावर आईचं हे कितवं वेत आहे, तिला कुठल्या पिंजऱ्यात ठेवलं आहे, लॅब्रॅडोर किंवा जर्मन शेफर्ड असेल तर तिच्या खुब्यात आनुवंशिक दोष आहे का हे पाहणारा एक्स-रे कधी काढला होता का, यातलं काही कळेलच असं नाही. दर वेतामागे कोणी येऊन मादी तपासतं असंही नाही. उलट नामांकित नराचीच पिल्लं सगळ्यांना हवी असली की एकाच रक्ताची कुत्री वाढतात आणि त्या रक्तातले आजारही सोबत पसरतात.

मंडळाची नोंदणी वेगळीच गोष्ट आहे. ती पिल्लाची नसते, माणसाची आणि त्याच्या जागेची असते. अर्जाचं शुल्क ५,००० रुपये आणि मुदत दोन वर्षं. जागेची तपासणी होते आणि प्रमाणपत्र दर्शनी भागात लावावं लागतं. मादी १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिला नर दाखवायचा नाही, आठ वर्षांनंतर नाही, लागोपाठ वेतं घ्यायची नाहीत, आयुष्यात पाचांहून जास्त नाहीत. कुत्री साधारण सहा महिन्यांनी माजावर येते आणि ६३ दिवसांच्या आसपास विते, हे लक्षात घेतलं की या मर्यादेचं मोल कळतं. मर्यादा नसेल तर वर्षाला दोन वेतं निघतात. अशी मादी ओळखायला डॉक्टर लागत नाही. ओघळलेले सड, विरळ झालेले केस, वाढून वाकलेली नखं, जाळीच्या तळावर उभं राहून सोललेले तळवे. म्हणूनच काही ब्रीडर आई दाखवायला टाळतात आणि पिल्लू गाडीतून ‘घरपोच’ देतात. माझ्या मते पेपर मागण्याआधी आईला पाहायला मागावं.

छोट्या, घरगुती ब्रीडरांची तक्रार अशी की वर्षाआड एखादं वेत घेणाऱ्यालाही हेच शुल्क आणि हीच कागदपत्रं. ती अगदीच खोटी नाही. पण अनेक राज्यांत मंडळंच धड उभी राहिली नव्हती, त्यामुळे खरी अडचण अर्ज कोणाकडे करायचा हीच होती.

आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, या अटीवर वाद कमी, पण तीच सर्वांत जास्त मोडली जाते. ३० दिवसांचं पिल्लू कापसाच्या गोळ्यासारखं दिसतं आणि पटकन विकलं जातं. भावंडांशी खेळताना किती जोरात चावायचं हे ते याच आठवड्यांत शिकतं. ते शिकणं राहिलं की सहा महिन्यांनी घरातलं कुत्रं ‘हिंसक’ ठरतं. पार्व्हो या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचा धोकाही याच वयात मोठा, म्हणून लस आणि मायक्रोचिप दिल्याशिवाय पिल्लू सोपवता येत नाही.

१२ मार्च २०२४ रोजी केंद्राने राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलरसह २३ जातींच्या विक्रीला व पैदाशीला परवाने देऊ नका असं कळवलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं म्हणून कर्नाटकच्या उच्च न्यायालयाने एप्रिलमध्ये ते रद्द केलं. त्या काही आठवड्यांत बोलणं जातींच्या यादीवरच झालं. चावरी निघालेली कुत्री कोणाकडून आणि कोणत्या वयात विकत घेतली होती, हे फारसं कोणी विचारलं नाही.

मालकाची बाजू वेगवेगळ्या कायद्यांत विखुरलेली आहे. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्र्याचं लसीकरण आणि निर्बीजीकरण ही मालकाची जबाबदारी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत, ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये याची काळजी न घेतल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत. पाळलेलं कुत्रं उपासमार होईल अशा जागी सोडून देणं मात्र अजून १९६० च्याच कायद्याखाली येतं. त्यासाठी पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये.